आवाजाची दुसरी प्रत

शनिवारी सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता त्याला तो आवाज ऐकू आला. टक्. मग थोडं थांबून पुन्हा टक्. पत्र्याच्या डबीवर कुणी नखाने हळूच मारावं तसा. दुसऱ्या कुणाचं त्याकडे लक्षही गेलं नसतं, पण सिनेमांचे आवाज साफ करण्यात ज्याची उमर गेली त्याला असलं काही न ऐकण्याची सोय नसते. त्याला पंखा ऐकू येतो, फ्रीज ऐकू येतो, शेजारच्यांच्या नळाची गळती ऐकू येते. माणसं काय म्हणतात तेवढंच कधी कधी ऐकू येत नाही, असं बायको म्हणायची. आवाज त्याच्या जुन्या हार्ड डिस्कमधून येत होता. कोपरे घासून पांढरे पडलेली काळी डिस्क, कित्येक सिनेमे तिने पोटात घेतले आणि परत दिले होते. त्याने तिच्यावर तळवा टेकवला. आत काहीतरी फिरत होतं, अडखळत होतं, पुन्हा फिरत होतं. गेले काही आठवडे त्या डिस्कमध्ये सिनेमा नव्हता, त्याच्या बायकोचा आवाज होता.

सोमवारी तिचं ऑपरेशन होतं. घशातली गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज नाही वाचणार, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि म्हणताना त्यांनी समोरचा पेपरवेट उगाच डावीकडून उजवीकडे ठेवला होता. काचेवर तो घासल्याचा आवाज त्याच्या डोक्यात अजून होता; डॉक्टरांचं पुढचं बोलणं मात्र त्याला नंतर बायकोकडून समजून घ्यावं लागलं. मग तिथल्याच एका थेरपिस्ट बाईंनी सुचवलं की ऑपरेशनच्या आधी तिच्या आवाजात शेकडो वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. त्यावरून एक प्रोग्रॅम तिच्यासारखा आवाज तयार करतो. पुढे ती फोनवर शब्द टाइप करेल आणि फोन तिच्या आवाजात बोलेल. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला श्वास नीट घेता आला. रडणं, देव, नशीब यातलं त्याला काही जमण्यासारखं नव्हतं. रेकॉर्डिंग जमण्यासारखं होतं. घरी येऊन त्याने लेकीच्या रिकाम्या खोलीच्या भिंतींना रजया टांगल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले आणि मायक्रोफोन उभा केला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "लग्नानंतर एवढा उत्साह पहिल्यांदाच बघतेय मी तुझा."

वाक्यं त्या प्रोग्रॅमवाल्यांनीच दिलेली होती. त्यांना अर्थ असायची गरज नव्हती, भाषेतले सगळे उच्चार त्यात आले म्हणजे झालं. 'जांभळ्या छत्रीखाली ठेंगू घोडा झोपला आहे.' 'ढोलीतल्या घुबडाला ज्ञान नको, उशी हवी.' पहिल्या दिवशी ती इतकी हसली की काम थांबवावं लागलं. हसू मायक्रोफोनमध्ये फार मोठं येतं, आवाज मोजणारा काटा लाल रेघेपलीकडे जातो. त्याने हाताने खूण करून तिला थांबवलं. डोळे पुसत ती म्हणाली, "अरे, त्या घुबडाला द्या रे कुणीतरी उशी." नंतर त्याने फाइल साफ करताना घुबडाचं वाक्य ठेवलं आणि हे कापून टाकलं. तसंच करायचं असतं. प्रोग्रॅमला स्वच्छ वाक्यं लागतात. मधलं खाकरणं, उसासे, "पाणी दे रे", "हे काय लिहिलंय मेल्यांनी" हे सगळं त्याला चालत नाही. पण थोड्याच दिवसांत एक अडचण ध्यानात आली. गाठीमुळे तिचा आवाज फार टिकत नव्हता. दिवसभर बोलली तर संध्याकाळी घसा बसायचा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज पोत्यावर काठी घासल्यासारखा यायचा. मग तो आधी म्हणायला लागला, जपून बोल. मग म्हणायला लागला, कामापुरतं बोल. आणि शेवटी, बोलूच नकोस, जे असेल ते लिहून दाखव. माहेरच्या माणसांनी जिचं नाव रेडिओ ठेवलं होतं, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर जिने दिवसचे दिवस लोकांच्या शिव्यांना चोख उत्तरं दिली होती, ती बाई आता दिवसभर गप्प बसायची आणि संध्याकाळी रजयांच्या खोलीत जाऊन घोड्यांविषयी आणि घुबडांविषयी बोलायची. घर शांत झालं होतं. कामाच्या दृष्टीने ते चांगलंच होतं, असं तो स्वतःला सांगायचा.

टकटक सुरू झाल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती बरोबर केली. सगळ्या फाइली डिस्कवरून कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या, टेबलावरचा चहा निवून जाईपर्यंत एकेक उघडून ऐकल्या. सगळ्या शाबूत होत्या. खरं म्हणजे इथे विषय संपायला हवा होता. पण त्याच्या धंद्यात एक म्हण आहे, एक प्रत म्हणजे शून्य प्रत आणि दोन म्हणजे कशीबशी एक. कॉम्प्युटर बंद पडला तर? वीज चमकली, पाणी सांडलं, काहीही झालं तर? शिवाय अजून शेवटची वाक्यं राहिली होती, आज आणि उद्याची, आणि असली कुरकुरणारी डिस्क जवळ ठेवून रेकॉर्डिंग करणं म्हणजे प्रत्येक वाक्यामागे ती टकटक. नवीन प्रकारच्या ड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं, ते अगदी मुके असतात. तसलाच एक आणायला हवा होता, चांगला, वेगवान, भरवशाचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्याचं तर अजून पोळलंही नव्हतं, तरी तो फुंकायला लागला होता. बायकोने पेपरच्या कडेला लिहिलं, 'पेन ड्राइव्ह नाही चालणार? खणात दोन पडलेत.' त्याने मान हलवली आणि पेन ड्राइव्ह कसे दगा देतात हे सविस्तर सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने बोलायला तोंड उघडलं. त्याने पटकन ओठांवर बोट ठेवलं, स्वतःच्याच ओठांवर, पण अर्थ तोच. तिने तोंड मिटलं आणि कप उचलून आत गेली.

कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानांची ती गल्ली त्याच्या ओळखीची होती, तरी आज तो प्रत्येक दुकानासमोर थबकत होता. एकेका दुकानात भिंतभर खोकी होती, खोक्यांवर वेगाचे आकडे होते, आणि प्रत्येक आकड्याच्या आधी बारीक अक्षरात 'कमाल' असं लिहिलेलं होतं. कमाल म्हणजे किती वेळ? पहिली काही मिनिटं? त्याने ऐकलं होतं की काही ड्राइव्ह सुरुवातीला वाऱ्यासारखे धावतात आणि मग तापून बैलगाडीच्या चालीवर येतात. त्याने फोन काढून लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायला सुरुवात केली. कौतुकाचे अभिप्राय तो ओलांडून पुढे जायचा. कौतुक करणाऱ्यांचं अजून काही गेलेलं नसतं. तो शिव्या देणाऱ्यांचे वाचत होता. एकाच्या मुलाचे बाळपणीचे सगळे फोटो गेले होते. एकीचा प्रबंध गेला होता. एकाने फक्त लिहिलं होतं, 'सकाळी होतं, दुपारी नव्हतं.' हे वाक्य त्याने दोनदा वाचलं. त्याने तो ड्राइव्ह यादीतून काढला, मग दुसऱ्याचे वाचले, तोही काढला. अशाने जगात एकही ड्राइव्ह उरला नसता हे त्याला कळत होतं, पण कळल्यामुळे काही थांबत नव्हतं.

शेवटी ज्या दुकानात तो टेकला तिथला दुकानदार गोलमटोल आणि निवांत होता. त्याने साबणाच्या वडीएवढे चार-पाच ड्राइव्ह काचेवर मांडले. "डेटा किती आहे, साहेब?" त्याने सांगितलं. दुकानदाराला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. "एवढाच? मग यातला कुठलाही न्या, सगळे भरपूर झाले. हे वेगवान प्रकार व्हिडिओवाले नेतात. तुमचं काम कसलं आहे?" "आवाजाचं." "गाणी?" "नाही. बोलणं." दुकानदाराने 'असेल बुवा' अशा अर्थाची मान हलवली आणि विचारलं, "तुमच्या कॉम्प्युटरला पोर्ट कुठला आहे? निळा की लांबट? पोर्ट जुना असेल तर हा ड्राइव्ह कितीही पळणारा असला तरी त्याच्याच वेगाने चालणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" आणि त्याला आठवेना. ज्या कॉम्प्युटरसमोर तो रोज बसतो, त्याच्या पाठीला कुठल्या रंगाची भोकं आहेत ते त्याला आठवेना. त्याने घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"हॅलो," ती म्हणाली. फोनवर तिचा आवाज नेहमी जरा वरचा लागायचा, कचेरीची सवय. "बरं झालं तूच फोन केलास, मी आत्ता तुलाच—"

"बोलू नकोस," तो म्हणाला. "घसा जाईल. फक्त कॉम्प्युटरच्या मागचा फोटो काढून पाठव. पोर्टचा. बोलू नकोस हं." आणि तिला हो म्हणायचाही ताण पडू नये म्हणून त्याने स्वतःच फोन ठेवला. फोटो आला. दोन निळी भोकं, एक लांबट, धुळीची एक रेघ, आणि कडेला तिचं बोट, लांबट भोकाकडे दाखवणारं. दुकानदार खूश झाला. "झालं तर. आता डोळे मिटून कुठलाही उचला."

डोळे मिटून उचलणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. बायकोसुद्धा त्याने कान उघडे ठेवून निवडली होती. तेव्हा तो भाड्याच्या खोलीत राहायचा आणि नळाला पाणी येत नव्हतं. त्याने तक्रारीच्या नंबरवर फोन केला आणि पलीकडून आवाज आला तसं त्याला बोलायचं सुचेना. तो आवाज जाड नव्हता, बारीक नव्हता, त्यात कडेला एक किंचित खर होती, नवीन कापडाला असते तशी. "तक्रार काय आहे ते सांगणार की मीच ओळखू?" ती म्हणाली होती. "पाणी," तो म्हणाला होता. "येत नाही की जास्त येतंय?" त्या संध्याकाळी पाणी आलं. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा फोन केला, पाणी येत असताना. ती म्हणाली, "काय हो, घुम्या, आज काय गेलंय?" घुम्या हे नाव तिथून चिकटलं ते कायमचं, लेकसुद्धा लाडात आली की बापाला घुम्याच म्हणायची. घरात तो बोलायचा नाही ती उणीव कुणाला भासली नाही, कारण ती दोघांच्या वाटचं बोलायची. लोकांच्या तक्रारी सांगायची, त्यांच्या नकला करायची, भाजी नीट शिजली नाही तर भाजीशी बोलायची. तो ऐकतोय की नाही याची ती फिकीर करायची नाही. आणि तो ऐकायचा का? काचेसमोर उभ्या उभ्या त्याने आठवून पाहिलं. तिने सांगितलेली एखादी गोष्ट, पूर्ण, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. तिचा सूर आठवत होता, कुठे उतरायचा, कुठे चढायचा. काय सांगितलं होतं ते आठवत नव्हतं. त्याला भीती वाटली. सोमवारनंतर फोन तिच्या आवाजात बोलेल तेव्हाही आपण असंच करू, नुसता सूर तपासत बसू, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने घाईघाईने एका खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला घेतली.

दोन ड्राइव्ह उरले होते. एक थोडा जास्त वेगवान, एक थोडा जास्त दणकट. दुकानदाराने बिचाऱ्याने दोन्ही आपल्या कॉम्प्युटरला लावून वेग मोजून दाखवायचं कबूल केलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली आणि त्याच वेळी खिशातला फोन वाजला. तिचा होता. त्याने पट्टीवरची नजर काढली नाही, अंगठ्याने फोन कापला आणि लिहिलं, 'बोलू नकोस. मेसेज कर.' मेसेज आला नाही. वेगवान ड्राइव्हने आपला आकडा गाठला, मग जरा घसरला. दणकट सावकाश पण एका चालीने गेला. "परत एकदा लावता का?" त्याने विचारलं. दुकानदाराने परत एकदा लावून दाखवलं. मग जेवणाची वेळ झाली म्हणून शटर अर्धं ओढलं, आणि तो बाहेर बाकावर बसून राहिला, कारण निर्णय झाला नव्हता. मेसेज अजून आला नव्हता. त्याने लिहिलं, 'काय हवं होतं?' त्यालाही उत्तर नाही. त्याने फोन लावला. लाइन व्यस्त होती. हे विचित्र होतं. ती कुणाला फोन करणार? बोलायचं नाही असं ठरलं होतं. थोड्या वेळाने परत लावला, व्यस्त. दुकान उघडलं, त्याने दणकट ड्राइव्ह घेतला, मग वेगवानही घेतला, दोन प्रती होतील म्हणून, आणि पिशवी छातीशी धरून निघाला. रस्त्यात पुन्हा लावला. व्यस्त. आता त्याला नाना तऱ्हेच्या गोष्टी दिसायला लागल्या. तिला धाप लागलीय आणि ती दवाखान्याला फोन करतेय. ती पडलीय आणि फोन बाजूला उघडा पडलाय. सिग्नलला उभं राहवेना म्हणून तो धावत रस्ता ओलांडायला गेला तर एका रिक्षावाल्याने त्याचा उद्धार केला.

जिन्यातच त्याला तिचा आवाज ऐकू आला. बोलत होती. नुसती बोलत नव्हती, नकला करत होती, आणि खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई गळ्यात टेप अडकवून त्यांच्या दारात उभ्या हसत होत्या. "आलात का?" त्या त्याला म्हणाल्या. "वहिनी आज जोरात आहेत. मघापासून माझं एक ब्लाऊज पुढे सरकू दिलेलं नाही." आवाज वाईट झाला होता. एका पायरीवरून दुसरीवर जाईपर्यंत त्याने ओळखलं, वरचे सूर गेले होते, खालचे फाटले होते, वाक्याच्या शेवटी नुसती हवा येत होती. आज रेकॉर्डिंग होणार नव्हतं. उद्याही बहुधा नाही. तिने त्याला पाहिलं, बाईंचा निरोप घेतला, आणि दोघं वर आली.

त्याला राग आला. त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "हे काय केलंस?" तो म्हणाला. "शेवटची वाक्यं राहिली होती. जेवढी जास्त वाक्यं तेवढा आवाज खरा होतो, थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं तुला. दिवसभर मी तिकडे उन्हातान्हात याच्यासाठी—"

"बस," ती म्हणाली. तिने त्याला खुर्ची सरकवून दिली. पाणी प्यायली. "लेकीला फोन केला. बराच वेळ बोललो. ती रडली, मग मी तिला हसवलं. ताईला केला. ती म्हणाली, घुम्या हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलाय, त्याला सांग जरा. कचेरीत केला, तिथल्या सगळ्या बायका एकेक करून फोनवर आल्या. मग खाली गेले." तिचा श्वास मधेच तुटला. तिने गळ्यावर हात ठेवला आणि थांबली. "सगळ्यांशी बोलून झालं. तू तेवढा राहिलायस."

त्याचा राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही. त्याने सवयीने तिच्या आवाजाचा अंदाज घेतला, किती उरला असेल, तासाभराचा की त्याहून कमी. मग लाज वाटून त्याने अंदाज घेणं सोडून दिलं. पिशवीत दोन ड्राइव्ह होते, शेजारी मायक्रोफोन होता, आणि त्याला एक शब्द सुचत नव्हता. पाण्याच्या तक्रारीच्या वेळी झालं होतं तसंच, पण तेव्हा पलीकडची बाई घाईत होती. आता तिला काही घाई नव्हती. ती वाट बघत होती.

"मला भीती वाटते," तो शेवटी म्हणाला. हे वाक्य त्याने याआधी कधी कुणाला म्हटलं नव्हतं आणि ते फारच बारीक आवाजात आलं. "सोमवारची. आणि नंतरची. घरात तू असशील आणि—" पुढचं त्याला म्हणता येईना.

"मलापण वाटते," ती म्हणाली. "रोज. तेच सांगायला फोन केला होता मघाशी."

त्याने मान वर केली. ती त्याच्याकडेच बघत होती, रागाने नाही. मग ती सांगायला लागली, पहिल्यापासून. भुलीच्या सुईची भीती, जाग आल्यावर हाक मारता येणार नाही याची भीती, लेकीचा फोन आला तर नुसतं ऐकत बसावं लागेल याची. मधेमधे शब्द गळत होते, त्याला ओठांकडे बघून समजून घ्यावे लागत होते. त्याने खुर्ची जवळ ओढली. आवाज पुरता जाईपर्यंत ती बोलत राहिली, आणि त्याने तिला एकदाही थांबवलं नाही.